तेलात कालवलेलं कुंकू

सहा शेळ्या अन् दोन बोकड मी घोडेगावच्या बाजारात इकले, तवा माझा पोरगा अजिनाथ दोन दिस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी बोलला ते एवढंच, "आई, तुला येड लागलंय." म्हनलं, लागलं आसंल. तुझा बाप गेला तवा दावनीला दोन शेळ्या हुत्या, त्याच्या मी एवढ्या केल्या. माझ्या शेळ्या, माझं येड. तू मधी बोलनारा कोन?

मी अशीच हाय, फाटक्या तोंडाची. गावात कडूबाई आली म्हनलं की चावडीम्होरच्या बाया गप बसत्यात.

पन खरं सांगते, हौशीनं न्हाई इकल्या. यंदा आषाढापासून पावसानं उसंतच दिली न्हाई. आमच्या शेवगावच्या बाजूला असा पाऊस म्हाताऱ्यांनी बी बघितला न्हवता. कपाशी पान्यात उभी, गोठ्यात घोटाभर चिखल, शेळ्यांची खुरं कुजली. रोज सांजच्याला एकेकीचा पाय मांडीवर घ्यायचे अन् खुरात हळद-तेल भरायचे. तरी दोन करडं गेलीच. राहिलेल्या बी अशाच जायच्या, त्यापरीस बाजार दाखवलेला बरा. गिऱ्हाइकानं पाठीच्या कन्यावरनं हात फिरवला, भाव ठरवायला रुमालाखाली माझी बोटं दाबली. मी हात झटकला अन् सगळ्यांम्होरं तोंडानं भाव सांगितला. भुरी तेवढी लंगडत हुती. तिला कोनी हात लावंना, तिला परत आनली.

पैसे आले बावन्न हजार. ते मी माझ्या सुनंच्या, ज्ञानेश्वरीच्या, वट्यात टाकले.

ज्ञानेश्वरी पाथर्डीची. लगनाआदी तिकडं एका स्टुडिओत फोटो शिकलेली. इकडं आल्यावर शेवगावच्या खाजाभाईच्या स्टुडिओत रोजंदारीनं जायची. कार्यात बाया तिच्याम्होरं लाजत न्हाईत. हळद लावताना, बांगड्या भरताना, नवरीचा पदर सरकला तरी कोनी दचकत न्हाई. फोटो हिनं काढायचे अन् खाली नाव स्टुडिओचं. खाजाभाई मानूस वाईट न्हाई. तोच मला बाजारात म्हनला हुता, "मावशी, तुमच्या सुनंला नजर हाय. सोताचा कॅमेरा आसंल तर माझं दुकान बंद पाडंल ही."

यंदा कापूसच न्हाई म्हनून अजिनाथ कामाला जायचा ते कापसाचं जिनिंग सुरू झालं न्हवतं. तो घरी बसून पत्र्यावरचं पानी मोजीत हुता. मंग घर चालवायचं कोनी? म्हनलं, ही चालवंल.

"आत्या," पोरगी म्हनली, "एवढ्यात नवा न्हाई येनार. अन् नुसता कॅमेरा घेऊन बी भागत न्हाई."

"मंग काय काय लागतं ते एकदा सांग. यात बसव. याच्यावर रुपया न्हाई, अन् कोनाम्होरं हात पसरायचा न्हाई."

तिनं कॅलेंडर उलटं करून मागं यादी केली. पयलं धड. त्याला ती बॉडी म्हनायची, मला ते नाव बरं वाटंना, मी धडच म्हनायचे. मंग डोळा, म्हंजी लेन्स. लांबचं जवळ आननारा. मंग फ्लॅश, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. बाई, काय काय लागतं त्याला! सून आनताना मी एवढी यादी केली न्हवती.

महिना गेला त्यात. खाजाभाईनं नगरला वापरलेलं धड बघून दिलं. तिनं ते चारदा उघडलं, चारदा झाकलं, कानाला लावून खटका ऐकला. मी बाजारात शेळीचे दात बघते तशी बघत हुती. तिथंच बत्तीस हजार सरले. डोळ्यासाठी तीन खेपा झाल्या. एकाला आत बुरशी, एकाचं चाक सैल, तिसरा चांगला निघाला. फ्लॅश घेतला तवा चार्जर ऱ्हायला, चार्जर घेतला तवा पिशवी ऱ्हायली. दुकानातली पिशवी अठराशेला अन् आमच्याजवळ सातशे.

म्हनलं, ठेव ती तिथंच. घरी येऊन जुनं लुगडं फाडलं, पावसानं काळा पडलेला आपलाच कापूस वाळवून मधी भरला अन् गोधडीसारखी टीप घातली. दोन कप्पे केले, धडाला मऊ गादी केली. पोरीनं त्यात हात घालून बघितला. "दुकानातली काय करायची, आत्या?" म्हनली. माझं मन असं भरून आलं, पन मी म्हनले, "हो बाजूला, भाकरी करपंल."

मंग अजिनाथला बी राहवंना. मोडक्या फवारनी पंपाची लांब नळी काढून त्यानं तिला फ्लॅश बसवला. काळ्या छत्रीला आतनं पांढरं कापड लावलं. साडीच्या खोक्याला चांदीचा कागद चिकटवला. ऊन तोंडावर पाडायला तो लागतो, अन् तो धरायचं काम माझं. पोरीनं मला दारात उभं करून शिकवलं, असा धरा, तिरपा, हां, आता हलू नका. मी लई हलायचे. ती हासायची.

कॅमेऱ्याचं बी तिनं सगळं सांगितलं. "आत्या, याचे तीन वैरी. पानी, धूळ अन् ऊन. पान्याचा थेंब बी लागला न्हाई पायजे." डोळा धडाला लावायचा अन् काढायचा कसा, ते मी बघून बघून शिकले. बाजूचं बटन दाबायचं अन् डावीकडनं फिरवायचं. ती कापसाच्या रानात गेली की मी पिशवी उचलून पाटावर ठेवायचे, खाली ओल येती म्हनून. तान्हं पोर सांभाळावं तशी सांभाळली.

पयली ऑर्डर घरामागनंच आली. सत्यशीलाबाईच्या मोनिकाचा साखरपुडा, दसऱ्याला. सत्यशीलाबाई म्हंजी आमच्या आळीतली मोठी असामी. घर दुमजली, दोन ट्रॅक्टर. ती म्हनली, "आपली पोरगी म्हनून देते हो. हे चांगलं झालं तर माघातल्या लग्नाची बी तुमालाच. अन् माझ्या भावजयीकडं बी कार्य हाय."

म्हंजी एवढ्या एका दुपारवर आमचं वरीस टांगलेलं. ते मला ठाव हुतं, पोरीला ठाव हुतं, अजिनाथला बी.

दसऱ्याच्या आदल्या रातीला तिनं सगळं तपासलं, बॅटऱ्या भरल्या, सगळं पिशवीत लावून ठेवलं. सकाळी आभाळ फाकलं हुतं. दोन दिस कोरडं गेलं हुतं अन् बोंडं फुटली हुती. पुन्ना पाऊस आला तर तेवढं बी जायचं. म्हनून सनासुदीचं नवराबायको अंधारातच कापूस येचायला गेली. जाताना म्हनली, "बारापतुर येते, आत्या. मंग तिघं जाऊ."

दसऱ्याला हत्यारांची पूजा. मी मागच्या दारात सगळं मांडलं. कोयता, विळा, खुरपी, कुऱ्हाड, पंप, माझं जातं, पोरीच्या माहेरची शिलाई मशीन. राखेनं घासली, पुसली, झेंडूची फुलं वाहिली. आता मी रांडावलेली बाई, धनी जाऊन अकरा वर्सं झाली. कुंकवाच्या करंड्याला मी हात लावत न्हवते. पन ज्ञानेश्वरी आल्यापासनं तिनं ते मोडलं. पयल्यांदा खाजाभाईच्या कामाला निघाली तवा म्हनली, "आत्या, तुमच्या हातानं लावा." म्हनलं, "अगं येडे, माझ्या हातचं चालत न्हाई." तर म्हनली, "मला चालतंय." अन् कपाळ म्होरं करून उभी. तवापासनं ती कामाला निघाली की मीच लावते. आळीतल्या बाया कुजबुजल्या, मी त्यांना माझं तोंड दाखवलं.

आमच्या सासरची पूजेची रीत येगळी हाय. आमी नुसतं वरनं कुंकू लावत न्हाई. माझी सासू म्हनायची, काम आत हुतं, बोट आत लागलं पायजे. म्हनून जात्याची वरची तळी उचलून आतल्या खुंट्याला लावायचं, मशीनीचं झाकन उघडून आत, पंपाचं टोपन काढून आत. धनी हुता तवर मी तसंच करत आले, अन् ज्ञानेश्वरी आल्यापासनं पुन्ना.

कॅमेऱ्याशी आले तवा मी थांबले. इचार केला न्हाई असं न्हाई. पोरीनं सांगितलेलं डोक्यात पक्कं हुतं, पान्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई. कुंकू तर आमी पान्यात कालवतो. मंग मला सुचलं. मी हळद अन् कुंकू गोड्या तेलात कालवलं. माझं मला कौतुक वाटलं, किती ध्यानात ठेवलं म्हनून.

बटन दाबलं, डावीकडनं फिरवलं, डोळा हातात आला. आत बघितलं तर बोटभर आरसा, तिरपा बसवलेला. त्यात माझाच डोळा दिसला. बाई, मला लई भरून आलं. सहा शेळ्या अन् दोन बोकड त्या आरशामागं बसलेत असं वाटलं. मी आरशाला बोट लावलं. हळदीचं एक, कुंकवाचं एक. चिमूटभर अक्षता टाकल्या, त्या झटकून काढल्या. डोळा परत लावला, खटकन बसला. पिशवीला झेंडूची माळ घातली. अन् हात जोडून म्हनले, लेकराला यश दे.

ती बारा वाजता आली ती पळतच. हातापायाला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. पिशवीवरची माळ बघून हासली. "पूजा झाली व्हय?" म्हनली अन् माझ्या पाया पडली. साडी बदलली, कपाळ म्होरं केलं. मी त्याच बोटानं तिला कुंकू लावलं. मोनिकाचा भाऊ दारात गाडीचा हॉर्न वाजवीत हुता. पिशवी उघडून बघायला येळ न्हवता, अन् रातीला तर सगळं तपासलेलंच हुतं.

मांडवात दीडशे मानूस. पावन्यांकडच्या बाया खुर्च्यांवर, आमच्याकडच्या सतरंजीवर. मोनिकाला पाटावर बसवलेलं, हिरवी पैठनी, तोंड घामेजलेलं. मी चांदीचा पुठ्ठा धरून तिरपी उभी राहिले, शिकवलं हुतं तशी. अजिनाथनं नळीवरची छत्री धरली. सगळी बघत हुती आमच्याकडं. मी अजिबात हलले न्हाई.

ज्ञानेश्वरीनं कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. पदरानं पुसला. पुन्ना लावला. मला वाटलं घाम आला आसंल. मंग तिनं बटन दाबलं.

खट्ट झालं. रोज खट-खट असं दोनदा व्हायचं. ह्या येळंला एकदाच झालं अन् आत कायतरी चावल्यासारखं अडकलं. पडद्यावर इंग्रजीत कायतरी आलं. तिनं बंद केला, चालू केला. बॅटरी काढली, घातली. दुसरी घातली.

"काय झालं गं?" सत्यशीलाबाई म्हनली. "पावने खोळंबलेत."

"एक मिनिट, काकू."

ती माझ्याकडं पाठ करून बसली, माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला. डोळा काढला. मी वरनं बघत हुते. आरसा वर जाऊन तिरका अडकलेला. त्याच्या कडेला हळदीत भिजलेला एक तांदळाचा दाना. अन् आरशावर माझं बोट, लालभडक, पसरलेलं.

तिनं ते बघितलं. मंग वर मान करून माझ्या हाताकडं बघितलं. माझ्या बोटाला अजून लाल हुतं. धरनी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पन पुठ्ठा धरलेला, तो सोडता बी येईना.

तिनं डोळा परत लावला. उठली अन् म्हनली, "काकू, बॅटरी गेली. दोन्ही गेल्या. माझीच चूक झाली, नीट भरल्या न्हाईत."

अजिनाथ म्हनला, "अगं, रातभर तर..." तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप झाला.

खाजाभाईला फोन लावला. तो दूर गेवराईला एका कार्यात, दोन्ही कॅमेरे तिकडंच. मंग ज्ञानेश्वरी म्हनली, मोबाईलवर काढते. सत्यशीलाबाई सगळ्यांम्होरं हासली. "मोबाईल आमच्याकडं बी हायेत की. त्यासाठी तुला बोलवायला आमी काय आंधळे हाव?" मोनिकाच्या भावानं मोबाईल काढला. पोरं खुर्च्यांवर चढून फोटो काढू लागली. मी पुठ्ठा खाली घेतला. सतरंजीवरची कोनतरी पुटपुटली, "निघताना हिच्याच हातचं कुंकू लावून आली, दुसरं काय हुनार." मी ऐकलं. फाटक्या तोंडाची मी, पन पुठ्ठ्याची घडी घालत बसले.

जेवनाआदीच आमी निघालो. कामाची आगाऊ घेतलेली उचल ज्ञानेश्वरीनं दुसऱ्या दिशी नेऊन दिली. सत्यशीलाबाईनं ती घेतली अन् वर चहा बी विचारला न्हाई.

तिसऱ्या दिशी नगरला गेलो, मी अन् ती. खाजाभाई म्होरंच येऊन थांबला हुता. दुरुस्तीवाला पोरगेलासा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं बारीक स्क्रू काढले, पांढऱ्या कागदावर मांडले. मंग वास घेऊन बघितला.

"याला तेल कुनी लावलं?"

"माझ्याकडनं सांडलं," ज्ञानेश्वरी म्हनली.

"न्हाई," मी म्हनले. "मी लावलं. मी कडूबाई. मी लावलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. हासला न्हाई, ते एक बरं. म्हनला, "आजी, पान्यात कालवलं असतं तर एवढं झालं नसतं. मी पुसून दिलं असतं. तेल आतल्या काचेपतुर उडलंय अन् कुंकू घट्ट धरून बसलंय. तांदळाच्या दान्यानं आतला शटरचा पडदा बी फाटलाय."

"किती लागतील?" खाजाभाईनं विचारलं.

"बावीस-चोवीस हजार. अन् तरी पयल्यासारखा हुईल असं मी लिहून देनार न्हाई. त्यापरीस दुसरा घ्या."

दुसरा घ्या. गोठ्यात एकटी भुरी, लंगडी. मी हिशोब करायला तोंड उघडलं अन् मिटलं. बाजारात गिऱ्हाइकाचा हात झटकनारी मी, त्या पोरापुढं हात जोडून उभी राहिले. "काय तरी कर रं बाबा," म्हनले. त्याला तरी काय करता येनार हुतं? त्यानं सगळे स्क्रू परत बसवले अन् पैसे घेतले न्हाईत.

येश्टीत तिनं पिशवी मांडीवर घेतली. खिडकीतनं वाऱ्यावर पावसाचे थेंब आत येत हुते. तिनं सवयीनं पदर पिशवीवर घातला. ते बघून मला राहवंना.

"बोल मला," मी म्हनले. "शिव्या दे. मनात अजिबात धरू नको. तू गप राहते ते मला सोसत न्हाई."

"काय बोलू, आत्या?"

"कायबी बोल. थेरडे म्हन."

तिनं खिडकी लावायला बघितली, ती अडकलेली. जोर लावला तरी हलंना. "पानी लागू देऊ नका म्हनले," ती म्हनली, "पानीच लागू दिलं न्हाई तुमी. मी तुमाला काय बोलू?"

अन् रडली. लगीन होऊन आल्यापासनं पयल्यांदा माझ्याम्होरं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला अन् तसाच परत मांडीवर ठेवला.

पाऊस पुन्ना लागला. येचायचा राहिलेला कापूस झाडावरच कुजला. जिनिंग उघडलंच न्हाई. दिवाळीच्या तोंडावर खाजाभाईचा निरोप आला, तुळशीच्या लगनानंतर कामं हायेत, पयल्यासारखं रोजंदारीनं येती का. ती लगीच व्हय म्हनली. कॅमेरा काढून तिनं कपाटात साड्यांखाली ठेवला अन् पिशवीत खाजाभाईच्या बॅटऱ्या ठेवायला जागा केली.

अजिनाथ मला कायबी म्हनला न्हाई. त्याला अजून वाटतं धडच वापरलेलं हुतं म्हनून गेलं. तिनंच त्याला तसं सांगितलंय. मी दोनदा खरं सांगायला गेले. दोन्ही येळंला तिनं मधीच दुसरं काम काढलं.

ती पयल्या दिशी निघाली तवा सकाळचे सात वाजले हुते. फाट्यावर गाडीचा आवाज येत हुता. साडी नेसलेली, पिशवी खांद्याला. रोजच्यासारखी ती उंबऱ्यात थांबली अन् कपाळ म्होरं केलं.

मी करंडा घेऊन आले. झाकन काढलं. बोट कुंकवापाशी नेलं, पन ते आत बुडंना. म्हनलं, बाई, लाव की, एवढं तरी लाव. न्हाई लावता आलं.

"आत्या, लावा ना," ती म्हनली. "गाडी येईल."

मी तशीच उभी. फाट्यावर हॉर्न वाजला.

मंग तिनंच माझ्या हातातल्या करंड्यात बोट घातलं, आरशाबिगर कपाळाला लावलं अन् पळाली. कुंकू वाकडं लागलं हुतं, भुवईकडं सरकलेलं. मी उंबऱ्यातनं हाक मारायला गेले, पन तवर ती गाडीत चढली हुती.